अंथरायला का पांघरायला?

घोंगडीची पहिली ओळख नाकाला होते. मेंढराच्या अंगाचा वास, चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, घरात चूल असेल तर धुराचा, आणि पाऊस लागला असेल तर या सगळ्यांवर चढलेला ओला, उग्र दर्प. शहरातल्या घरात घोंगडी आली की तिची रवानगी आधी गॅलरीत होते. ज्याला हे सोसत नाही त्यानं खुशाल गोधडी घ्यावी. गोधडी मायाळू असते, जुन्या लुगड्यांची, आजीच्या हातची. तिच्यावर पुष्कळांनी गहिवरून लिहिलंय. घोंगडीवर गहिवरता येत नाही. ती बोचते.

तरीही तिचं रसग्रहण करायला घेतलंय, कारण जवळून बघितल्याशिवाय ती काही सांगत नाही. दुरून ती नुसतं काळं फडकं दिसते. माझ्यासमोर आहे ती म्हसवडच्या बाजारातली. काळी जमीन, दोन्ही काठांना पांढऱ्या रेघा, टोकांना सुटलेल्या दशा. उजेडात धरली की कळतं, हा काळा रंग एक नाही. कुठं डांबरासारखा गडद, कुठं कॉफीच्या अंगानं जाणारा, कुठं उन्हानं विटून तांबूस झालेला. दख्खनी मेंढराची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो भरते, तेव्हा एका घोंगडीला एक मेंढरू पुरत नाही. चार-पाच जनावरांचे काळे रंग तिच्यात शेजारी शेजारी नांदतात. रंगाचं पातेलं या सगळ्या कामात कुठंच येत नाही. पांढरी रेघ हवी असली तर पांढरं मेंढरू शोधायचं, एवढंच.

बोटानं चाचपलं की मध्येच काहीतरी टोचतं. ते कुसळ. माळावरच्या गवताचं कुसळ मेंढराच्या अंगात अडकतं, लोकर धुतली, पिंजली, कातली तरी एखादं चिकाटीनं मागं राहतं आणि विणीत जाऊन बसतं. निवडून काढता येतं, पण मी काढलेलं नाही. कुठल्या माळावर हे कळप चरले याची घोंगडीत राहिलेली तेवढीच खूण.

सगळ्यात मऊ घोंगडी जावळाची. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. माणसाच्या लेकराच्या पहिल्या केसांना जे नाव तेच कोकराच्या लोकरीला, आणि धनगराच्या घरात त्यात कुणाला नवल वाटत नाही. जावळाची घोंगडी जपून ठेवायची, पाहुण्याला, देवाला, लग्नाला काढायची. रोजच्या वापराची असते ती मोठ्या मेंढरांच्या लोकरीची, भरड, केसाळ. नवी असताना ती पत्र्यासारखी ताठ उभी राहते. एक-दोन पावसाळे अंगावर काढले की मग माणसाळते.

घोंगडीचा हा मुलूख साताऱ्याच्या पूर्वेचा आणि सांगलीच्या उत्तर-पूर्वेचा: माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत. जिल्ह्यांच्या रेघा पुढं ओढल्या गेल्या. १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. आटपाडी त्याआधी औंध संस्थानात होती, जत तर स्वतःच एक संस्थान. मेंढरांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्यांना माहीत होता तो पाऊस. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिथं ज्वारीची खात्री नाही तिथं माणूस चार पायांवर भरवसा ठेवतो.

घोंगडी धनगराची म्हणून ओळखली जाते, पण विणतो सणगर. मेंढरं धुऊन कातरायची धनगरानं. लोकर पिंजून तिचं सूत काढायचं बायकांनी, चरख्यावर. मागावर बसायचं सणगरानं. म्हसवडला एका गल्लीत ताणा ताणलेला बघितला होता. रस्त्याच्या मधोमध, या दारापासून त्या दारापर्यंत काळं सूत, आणि दोघं जण दोन्हीकडून मोठा कुंचला घेऊन त्याला खळ लावत चाललेले. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, दळायचे, शिजवायचे, की ही खळ होते. सूत इतकं भरड की खळीशिवाय मागावर टिकतच नाही, दर फणीला तुटतं. कुंचला एकाच दिशेनं फिरतो. केसाळ सुताचे उभे राहिलेले तंतू चापून बसतात आणि ताण्याला चकाकी येते. गल्लीतल्या सायकली, शेरडं, शाळेची पोरं सगळी ताण्याखालून वाकून जात होती. कुणी तक्रार करत नव्हतं.

“पावसुळ्यात बंद,” म्हातारे विणकर म्हणाले. “ऊन न्हाई तर खळ वाळायची कशी?”

पावसासाठी जी वस्तू घ्यायची ती पावसात करता येत नाही, हे त्यांना इतकं सवयीचं होतं की त्यात त्यांना गंमत दिसली नाही. मी घोंगडी मागितली तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, “अंथराया का पांघराया?”

या प्रश्नानं मी अडखळलो. घोंगडी म्हणजे पांघरूण, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या. अंथरायची ती जाड, घट्ट, जड. तिला त्या बाजूला जेन म्हणतात. पांघरायची ती त्या मानानं हलकी. आणि विचारताना अंथरणं आधी आलं.

इंग्रजीत या वस्तूला ब्लँकेट म्हणतात, आणि आता मराठीतही म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आलेला. फ्रेंचमध्ये ‘ब्लां’ म्हणजे पांढरा, त्याला लहानपणाचा प्रत्यय लागून झालेलं ‘ब्लांकेत’ म्हणजे पांढुरकं लोकरी कापड. न रंगवलेली लोकर पांढरी, म्हणून कापडाचं नाव पांढरं. ब्रिस्टलमध्ये चौदाव्या शतकात थॉमस ब्लँकेट नावाचा एक विणकर होता आणि त्यानंच हे पांघरूण शोधलं, अशी एक गोष्ट इंग्रज आवडीनं सांगतात. पण शब्द त्याच्या आधीपासून चालत आलाय, उलट धंद्यावरून त्या घराण्याला ते आडनाव पडलं असावं. आपल्याकडं कांबळे आडनाव आहे, तेव्हा हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये.

रंगावरून नाव पडतं ते बाजारात. कापड गठ्ठ्यात आलेलं असतं, घेणारा समोर उभा असतो, तो रंग बघतो. पुढं या शब्दानं रंग टाकून दिला आणि झाकण्याचं काम तेवढं ठेवलं. बर्फाचं ब्लँकेट, धुक्याचं ब्लँकेट. मग विशेषण होऊन तो सरकारी कागदात शिरला: ब्लँकेट बंदी, ब्लँकेट परवानगी, म्हणजे आपलं ‘सरसकट’. डोक्यापासून पायापर्यंत, एकही फट न ठेवता. कापडाचा एक गुण घेऊन शब्द किती लांब जातो याचा हा चांगला नमुना आहे. ऑक्सफर्डशायरमधलं विटनी हे गाव शतकानुशतकं ब्लँकेटांसाठी प्रसिद्ध होतं. तिथली शेवटची गिरणी २००२ साली बंद पडली. शब्दाला त्याचं काही वाटलं नाही, तो आपला कागदोपत्री सगळं झाकत फिरतोय.

आपल्याकडं दोन शब्द. एक कांबळं, संस्कृत कंबलापासून आलेलं, थोर घराण्याचं. अथर्ववेदातल्या विवाहसूक्तांत कंबल आहे. हाच शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘कम्बली’ होऊन १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात जाऊन बसला. बुद्धाच्या काळात अजित केशकंबली नावाचा एक नास्तिक तत्त्वज्ञ होता, केसांचं कांबळं पांघरणारा. बुद्धानं तसल्या कांबळ्याची जी निर्भर्त्सना केलीय ती वाचताना मला माझी गॅलरी आठवते: थंडीत गार, उन्हात गरम, दिसायला वाईट, वासाला त्याहून वाईट. ते कांबळं माणसाच्या केसांचं होतं, मेंढराच्या लोकरीवर हा आरोप निम्माच लागू पडतो.

दुसरा शब्द घोंगडी. हा वेदात नाही आणि त्याला त्याची खंतही नाही. तेलंगणात त्याला गोंगडी म्हणतात. जतच्या पलीकडं कन्नड सुरू झालं की कंबळी. दख्खनी मेंढराचा वावर महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटकाच्या पठारावर, आणि या शब्दांचाही तिथंच. एवढ्या मोठ्या पठारावर राज्यं बदलली, भाषा बदलल्या. मेंढरू, काळी लोकर आणि तुटपुंजा पाऊस तेवढा तोच राहिला.

मराठीत आज घोंगडी कुठं कुठं जिवंत आहे ते बघा. वर्तमानपत्रात दोन ठिकाणी हमखास सापडते. एक ‘भिजत घोंगडं’, दुसरी ‘घोंगडी बैठक’. गंमत अशी, की या दोन्हींत पांघरणं नाही. ब्लँकेट झाकण्याच्या दिशेनं गेलं, घोंगडी बसण्याच्या. आपली म्हणही अंथरूण पाहून पाय पसरायला सांगते. हिंदीत हीच म्हण चादरीवर आहे, म्हणजे पांघरुणाचीही असू शकेल, मराठीनं मात्र अंथरुणाकडंच बोट दाखवलंय. माझं म्हणणं एवढंच, की या मुलखात घोंगडी ही आधी जागा आहे, मग कापड.

हे कळायला वाड्याबरोबर थोडं हिंडावं लागतं. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. चार-सहा कुटुंबांची मेंढरं मिळून जो तांडा निघतो तो वाडा. पाऊसकाळ संपला, माळ वाळला की वाडे पश्चिमेला निघतात, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात, काही घाट उतरून कोकणात. घोड्यावर बिऱ्हाड: भांडी, वाघर, त्यावर कोंबड्या, त्यांच्यात एखादं कोकरू आणि एखादं लेकरू. संध्याकाळी कुणाच्या तरी वावरात मेंढरं बसवायची. रातभर मेंढरं तिथं लेंड्या टाकतात, शेतकऱ्याला खत मिळतं, तो धान्य देतो नाहीतर पैसे. वाघर म्हणजे जाळं, ती खुंट्यांवर ताणली की मेंढरांचं घर झालं. बाईनं तीन दगड मांडले की चूल झाली. आणि घोंगडी अंथरली की बाकीचं घर झालं. भिंती नाहीत, छप्पर नाही. पण त्या काळ्या चौकोनाच्या आत पायताण घालून कुणी येत नाही. बाहेरचं माणूस आलं तर काठाशी थांबतं, “बसा” म्हटल्यावर बसतं. त्या दोन पांढऱ्या रेघांना उंबऱ्याची किंमत असते.

पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी घोंगडी झटकली जाते. झटकण्याचा तो आवाज, फट्, हा तिकडं स्वागताचा आवाज आहे.

देवाचंही तसंच. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे. बिरोबा धनगरांचा, आणि धनगर हिंडते, तेव्हा देवालाही हिंडावं लागलं. जिथं जागर तिथं घोंगडी अंथरायची, तिच्यावर देव बसवायचा, भंडारा उधळायचा. काळ्यावर पिवळा भंडारा पडतो तो रंग कुठल्या मखरात मिळायचा नाही. कर्नाटकातल्या कुरुबांत याच मांडणीला कंबळी गद्दिगे म्हणतात, कांबळ्याची गादी. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक या वाड्यांबरोबर वर्षानुवर्षं हिंडला, ओव्या गोळा केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ साली त्यानं जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. देव आधी की देऊळ आधी, असा प्रश्न पडणाऱ्यांनी तो वाचावा. देऊळ फार पुढं आलं, दगडाचं आणि आता काँक्रीटचं. त्याआधी देवाची जागा खांद्यावर टाकून नेता येत होती.

न्यायनिवाडाही घोंगडीवर. पंच बसायचे, बेल-भंडारा उचलून शपथ व्हायची. त्याच बसण्यातून पुढं राजकारणाला ‘घोंगडी बैठक’ हा शब्द मिळाला असणार: खुर्ची नाही, व्यासपीठ नाही, गावकऱ्यांच्या बरोबरीनं जमिनीवर. अलीकडं मराठा आरक्षणाच्या आंदोलनात तो पुन्हा गाजला. मी बघितलेल्या एका घोंगडी बैठकीत शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि घोंगडी होती ती पाहुण्यांच्या खांद्यावर, सत्काराची, कोरी, घडी मोडलेली नव्हती.

व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं आलेला तरुण शाळामास्तर, तालीम बांधायची त्याची खटपट, आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारी वाडी. या कादंबरीचा शेवट पुष्कळांना शोकांत वाटतो. मला तो नेहमी दुसऱ्या बाजूनं दिसतो. मास्तर गावाचा माणूस, त्याच्या लेखी गाव म्हणजे इमारत: शाळा, तालीम. धनगरांच्या लेखी गाव उचलता येतं. पाऊस गेला, त्यांनी ते उचललं. मास्तरला तुटल्यासारखं वाटतं कारण त्याला घडी घालता येत नाही. माडगूळकर हे दोन्ही बाजूंनी बघू शकत होते, त्यांचं मोठेपण मला यात दिसतं. वाडीवर रडारड न करता त्यांनी ती रिकामी होऊ दिली.

पण जागा देणारी वस्तू जागा दाखवूनही देते, आणि इथं घोंगडीचं कौतुक थोडं थांबवावं लागतं.

लोकरीला विटाळ नाही, असं धर्मशास्त्र मानत आलं. सुती कापड ओवळं होतं, लोकर होत नाही. म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकाला धाबळी. वाई-साताऱ्याच्या ब्राह्मण घरांत स्वयंपाकघराच्या खुंटीवर लाल नाहीतर पांढरी धाबळी टांगलेली असे, तिला कुणी शिवलं तरी चालत असे. माळावरच्या मेंढराची लोकर अशी थेट देवघरापर्यंत पोचली. मेंढरामागं फिरणारा मात्र ओसरीच्या अलीकडंच राहिला. आणि त्याच घराच्या एका कोपऱ्यात, महिन्यातले चार दिवस, बाजूला बसणाऱ्या बाईला द्यायची तीही घोंगडीच. तर्क तोच: लोकर विटाळ पुढं जाऊ देत नाही. बाईला उठता-बसता, झोपायला तेवढाच तो काळा चौकोन. हे काही फक्त ब्राह्मण घरांतलं नव्हतं, शेतकऱ्यांच्या घरांतही होतं, आणि पूर्ण गेलंय असं म्हणायची माझी छाती नाही. देवाला बसवायची गादी आणि बाईला बाजूला बसवायचं घोंगडं, दोन्हींची वीण एकच. कुणी अंथरली, कुणासाठी अंथरली आणि अंथरणाऱ्याच्या मनात काय होतं, यावर सगळं.

या पार्श्वभूमीवर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरची घोंगडी बघावी. कर्मवीर ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले, हे गाव आता सांगली जिल्ह्यात. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथं काढली आणि १९२४ साली साताऱ्यात आणली. साताऱ्याच्या वसतिगृहात महार, मराठा, जैन, मुसलमान मुलं एकत्र राहत, एका पंगतीला बसत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. पांढरी दाढी, जाडंभरडं खादीचं धोतर, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, हे कर्मवीरांचं रूप साताऱ्याच्या घराघरांत भिंतीवर आहे. ते जन्मानं धनगर नव्हते, जैन होते, आणि त्यांना थंडी इतरांपेक्षा जास्त वाजत होती असंही नाही. घोंगडी घेऊन हिंडणारा माणूस कुणाच्याही दारात, झाडाखाली, चावडीवर बसू शकतो; त्याला कुणी पाट द्यावा, कुठला द्यावा, हा प्रश्नच उरत नाही. जातीजातींच्या ओसऱ्यांतून पोरं गोळा करत फिरणाऱ्याला स्वतःची जागा स्वतःबरोबर न्यावी लागते. ती घोंगडी साधेपणाची खूण म्हणून आपण मिरवतो. मला ती कामाचं हत्यार वाटते.

आता पांघरण्याबद्दल दोन शब्द, नाहीतर घोंगडीवर अन्याय होईल. तिच्या एका कोपऱ्याला घडी घालून डोक्यावर टोपडं केलं आणि बाकीची पाठीवर सोडली की खोळ होते. माथ्याला टोक येतं, पाणी टोकावरून पाठीमागं ओघळतं. दोन्ही हात मोकळे राहतात, एकात काठी, दुसऱ्यात नुकतं व्यालेलं कोकरू. छत्रीला हे जमत नाही, रेनकोटला जमतं पण त्यात माणूस घामेजतो. लोकरीत मुळातच थोडी चरबी असते, सुरुवातीच्या सरी तिच्यावर ठरत नाहीत. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, उलट ओलावा घेताना किंचित उष्णता देते. तीन-चार तास मजेत जातात. पण पाऊस थांबलाच नाही तर घोंगडी हळूहळू पाणी पीत राहते, दुप्पट जड होते, खांदे दुखायला लागतात; आणि मग वाळता वाळत नाही. पिळता येत नाही, टांगली तर ताणते, उन्हाशिवाय तिच्यावर इलाज नाही.

‘भिजत घोंगडं’ ते हे. इंग्रजीतलं ओलं ब्लँकेट आगीवर टाकतात. विरजण घालणाऱ्या माणसाला ते तसं म्हणतात, काम झटक्यात होतं. आपलं घोंगडं नुसतं पडून राहतं. ना वापरता येत, ना टाकता येत, ना वाळत. सरकारी फाइलीला याहून नेमकं नाव कुणी शोधून दाखवावं.

आणि हा वाक्प्रचार सगळ्यात जास्त छापला गेला असेल तो याच दुष्काळी पट्ट्यातल्या पाणी योजनांच्या बातम्यांत. जिथं घोंगडं भिजायला पाऊस नाही तिथं दरवर्षी मथळा: टेंभूचं भिजत घोंगडं, म्हैसाळचं भिजत घोंगडं, उरमोडीचं, जिहे-कठापूरचं. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या, नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं गोळा केली. टेंभू योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत न्यायचं. पंप, वीजबिलं, अर्धवट कालवे, निवडणुका. परिषदेला बापाच्या बोटाला धरून आलेली पोरं बापे झाली तेव्हा पाणी आलं. आलं मात्र खरं. आटपाडीच्या माळावर आता डाळिंबं आहेत, ऊसही दिसतो.

घोंगडीला मारलं ते पाण्यानं नव्हे, मटणानं. जत तालुक्यात माडग्याळ नावाचं गाव आहे, तिथल्या मेंढराची जात गावाच्याच नावानं ओळखली जाते. उंच, पांढरं, अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, वजनाला भारी. अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. आटपाडीच्या बाजारात चांगल्या माडग्याळ नराची बोली लाखांत जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा गुण उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तीही मुख्यतः कोकरांसाठी. यात वाईट काही नाही, मेंढपाळाला चार पैसे जास्त मिळाले. पण त्यामुळं काळं, केसाळ मेंढरू कळपातून कमी होत गेलं. आता कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते. लोकर उकिरड्यावर जाते, नाहीतर बांधावर पडून राहते. वाड्यावर रात्री पांघरायला पानिपतहून आलेलं, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट असतं. ऊबदार आहे, स्वस्त आहे, मुलांना बोचत नाही.

पण ते अंथरत नाहीत. हे मी मुद्दाम बघितलं. वाड्यावर गेलो तर वाघाचं ब्लँकेट घडी करून घोड्याच्या बिऱ्हाडावर, आणि बसायला जुनी, भोकं पडलेली घोंगडी. एकदा विचारलं, का बरं? घरधनीण हसल्या. “ते मऊ हाय, दादा. त्याच्यात खडं टोचत्यात. काटं-कुसळं समदं धरून बसतंय. आन् रातच्याला ठिणगी उडली तर भसाभसा पेटतंय.” लोकर ठिणगीनं जळते पण भडकत नाही, करपून विझते, चुलीजवळच्या माणसाला हे शाळेत शिकावं लागत नाही. घोंगडीवर साप-विंचू येत नाहीत असंही त्या म्हणाल्या. त्यावर माझा विश्वास नाही, पण वाद घातला नाही.

घोंगडीची शेवटची अवस्था बसकराची. झिजली, फाटली की चांगला भाग कापून त्याचं चौकोनी बसकर करतात, कडेला रंगीत धाग्याचा टाका घालतात. उरलेले तुकडे घोड्याच्या पाठीवर, खोगिराखाली. म्हणजे आयुष्याच्या शेवटी पांघरणं तिला पुरतं सोडून जातं, बसणं मात्र राहतं.

म्हसवडच्या त्या विणकरांना मी शेवटी अंथरायचीच सांगितली. त्यांनी जेन काढली, जमिनीवर टाकली, आणि पैशाचं बोलायच्या आधी म्हणाले, “बसून बघा की.”